जिवंत चरबी छापून स्तनपुनर्रचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मावशीचा डावा स्तन काढला, तेव्हा मला ऊती-अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत लागून जेमतेम वर्ष झालं होतं. टाके काढून घरी आल्यावर तिने पहिला प्रश्न केला तो असा: “तुमच्या त्या मशीनवर माझ्यापुरता एक काढून देता येईल का गं?” तिने अगदी मनापासून विचारलं होतं आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. पुढे मावशीच्या ओळखीतल्या, मग त्यांच्या ओळखीतल्या कितीतरी बायकांनी हेच वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. कधी फोनवर, कधी चहा पिताना, कधी ओपीडीच्या बाकावर बसून त्यांना जे सांगितलं ते इथे एकत्र केलं आहे. मी संशोधनात काम करते, डॉक्टर नाही. तुमच्या शरीराबद्दलचा निर्णय तुमच्या सर्जनशी बोलूनच घ्या.

बायोप्रिंटिंग म्हणजे नेमकं करतात काय?

चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. आत मऊ पीठ, खाली छिद्र, वरून दाब. बायोप्रिंटरमध्ये पिठाच्या जागी जिवंत पेशी कालवलेलं जेल असतं. त्याला बायोइंक म्हणतात. आम्ही नुसतं ‘शाई’ म्हणतो. छिद्र साधारण पाव मिलिमीटरचं. हात फिरवायचं काम संगणकाकडे. दुसऱ्या बाजूच्या स्तनाचं स्कॅन घ्यायचं, ते आरशात दिसेल तसं उलटवायचं, त्याचे पातळ थर पाडायचे आणि रेघेला रेघ लावत एकेक थर चढवत जायचं. पीठ सैल झालं तर चकली पसरते, घट्ट झालं तर तुटते. शाईचंही तसंच. शिवाय घट्ट शाई ढकलायला दाब जास्त लागतो आणि त्या दाबाने पेशीच मरतात.

मी पहिल्यांदा छापलेला तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा होता. गुलाबी द्रवात ठेवलेली पारदर्शक जाळी, भिजलेल्या साबुदाण्यासारखी काठावर थरथरणारी. तीन आठवडे त्याला इन्सुलिन आणि इतर औषधांचं खाद्य दिलं, मग चरबी दाखवणारा लाल रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशीपेशीत तेलाचे लाल थेंब दिसत होते. कुणाच्या तरी पोटातून निघालेल्या मूळपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी घडतात त्या) मी दिलेल्या जागी बसून चरबी होत होत्या. त्या रात्री मी मावशीला फोन केला होता.

एक फरक मात्र पहिल्यापासून लक्षात ठेवा, कारण बातम्यांत तो हमखास पुसला जातो. ‘थ्रीडी प्रिंटेड ब्रेस्ट’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एकीत फक्त सांगाडा छापतात, विरघळणाऱ्या प्लॅस्टिकचा किंवा जेलचा. त्यात पेशी नसतात; ऑपरेशनच्या वेळी किंवा नंतर त्यात रुग्णाचीच चरबी भरतात. दुसरीत शाईतच जिवंत पेशी असतात आणि ऊतीच छापून निघते. पहिली गोष्ट माणसांपर्यंत पोचली आहे. दुसरी अजून उंदरांपाशी आहे.

म्हणजे जिवंत चरबीचा छापलेला स्तन आजवर कुणाला बसवलेला नाही?

नाही. कुणी तसं सांगितलं तर त्याला विचारा, सांगाडा की पेशी.

झालं आहे ते असं. दक्षिण कोरियातल्या पोस्टेक या संस्थेत फाल्गुनी पाती आणि डोंग-वू चो यांच्या गटाने २०१४-१५ मध्ये माणसाच्या चरबीतल्या सगळ्या पेशी धुऊन काढल्या, उरलेल्या जाळ्याची शाई केली, तीत चरबीतल्याच मूळपेशी मिसळल्या आणि घुमटासारखे छोटे तुकडे छापून उंदरांच्या कातडीखाली ठेवले. तिथे चरबीची ऊती तयार झाली. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातल्या इब्राहिम ओझबोलात यांच्या गटाने २०२४ मध्ये उंदरांच्या जखमेतच, ऑपरेशन चालू असताना, चरबीवर आधारलेली शाई छापून त्वचेखालचा थर भरून काढला. दोन्ही कामं मोलाची. पण उंदराच्या पाठीवरचा घुमट आणि बाईच्या छातीवरचा स्तन यांत फक्त आकाराचा फरक नाही, आणि त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

सांगाड्याच्या वाटेने गोष्टी पुढे गेल्या आहेत. लाइपझिगच्या बेलासेनो या कंपनीचे पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे छापील सांगाडे ऑस्ट्रेलियात १९ स्त्रियांना चाचणीत बसवले गेले आणि त्यांत त्यांचीच चरबी भरली गेली. हे प्लॅस्टिक विरघळणाऱ्या टाक्यांच्या कुळातलं. दोन-तीन वर्षांत शरीर ते हळूहळू पचवतं. फ्रान्समध्ये लीलची लॅटिस मेडिकल आणि लियॉंची हीलशेप अशा दोन कंपन्या आपापल्या पद्धतीचे विरघळणारे सांगाडे घेऊन मागे आहेत.

याच्याही आधीचा एक प्रयोग मला फार शिकवून गेला. मेलबर्नमध्ये वेन मॉरिसन यांच्या गटाने स्तन काढलेल्या पाच स्त्रियांच्या छातीत भोकं असलेली घुमटाकार डबी बसवली. आत रक्तवाहिनीसकट चरबीचा छोटासा तुकडा ठेवला आणि तो वाढून डबी भरते का ते सहा महिने पाहिलं. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाचांपैकी एकीच्या डबीत २१० मिलिलिटर नवी ऊती तयार झाली होती आणि ती चरबीच होती. म्हणजे माणसाच्या शरीरात नवी चरबी एवढ्या मोठ्या प्रमाणात उगवू शकते, हे सिद्ध झालं. उरलेल्या चौघींत तसं झालं नाही, हेही त्याच लेखात प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे.

मग घोडं अडलंय कुठे?

रक्तात. बाकीच्या अडचणी आहेत, पण त्या हिच्यापुढे लहान आहेत.

शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी एखाद्या केशवाहिनीपासून, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिनीपासून, एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आत राहते. प्राणवायू झिरपत तेवढाच लांब पोचतो. नखाएवढ्या पातळ तुकड्याला आजूबाजूच्या द्रवातून श्वास मिळतो. लिंबाएवढा गोळा केला की मधल्या पेशी काही तासांतच गुदमरायला लागतात. स्तन लिंबाहून कितीतरी मोठा. शरीरात बसवल्यावर नव्या रक्तवाहिन्या काठाकडून आत शिरतात खऱ्या, पण त्यांची चाल दिवसाला मिलिमीटरच्या अंशात मोजावी लागते. त्या मध्यावर पोचेपर्यंत आत चिखल झालेला असतो. मेलेल्या चरबीचं पुढे तेल सुटतं, तेलाच्या गाठी होतात, त्यांच्याभोवती चुना साठतो. मग मॅमोग्राफीत तो ठिपका दिसला की बाईचा जीव पुन्हा टांगणीला लागतो.

म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा आता चरबीपेक्षा रक्तवाहिन्या छापायच्या मागे लागल्या आहेत. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी शाईत मिसळतात. काही जण नंतर वितळून वाहून जाईल अशा शाईने आत बोगदे ठेवतात. कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲडम फाइनबर्ग यांच्या गटाने आधार देणाऱ्या जेलच्या आत मऊ शाई छापायची युक्ती काढली, त्यामुळे पोकळ नळ्यासुद्धा कोसळत नाहीत. पण छापलेली नळी आणि छातीतली धमनी यांचा सांधा सर्जनला सुईदोऱ्याने शिवता आला पाहिजे, आणि तिथून पहिल्या मिनिटाला रक्त वाहिलं पाहिजे. तो सांधा जमेल तेव्हा मी पेढे वाटेन.

दुसरी अडचण वेळेची. हिशेब तुम्हीच करून पाहा. पाव मिलिमीटरच्या छिद्रातून सेकंदाला १० मिलिमीटर रेघ ओढली तर सेकंदाला साधारण अर्धा घनमिलिमीटर शाई पडते. मध्यम आकाराच्या ३०० मिलिलिटरच्या स्तनाला, मध्ये जागा न सोडता भरायचा म्हटलं, तर सात दिवस आणि सात रात्री लागतील. पहिल्या थरातल्या पेशी शेवटचा थर पडेपर्यंत जिवंत कशा ठेवायच्या? छिद्र मोठं केलं तर वेळ वाचतो, बारकावा जातो. मध्ये पोकळ्या सोडल्या तर दोन्ही साधतं, पण मग त्या पोकळ्या शरीराने भरायला हव्यात.

तिसरी, चरबीची पेशी स्वतः. ती म्हणजे तेलाने तट्ट भरलेला फुगा, भोवती पातळसं आवरण. सिरिंजमध्ये ठेवली की सायीसारखी वर तरंगते, छिद्रातून ढकलली की फुटते आणि पूर्ण वाढ झाल्यावर तिचे दोन होत नाहीत. म्हणून तयार चरबी न छापता चरबीतल्या मूळपेशी छापाव्या लागतात. लॉस एंजेलिसमध्ये पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या पेशी दाखवून दिल्या, तिथूनच या क्षेत्राला उधाण आलं. पण शाईच्या दर मिलिलिटरला ५० लाख ते १ कोटी पेशी धरल्या तर ३०० मिलिलिटरला दीडशे ते तीनशे कोटी पेशी हव्यात. तेवढ्या वाढवायला आठवडे जातात, आणि वाढवता वाढवता एकही पेशी बिघडलेली नाही याची खात्री द्यावी लागते.

एवढा खटाटोप कशाला? पोटाची चरबी काढून सिरिंजने छातीत भरतात की.

भरतात, आणि चांगल्या हातात ते चांगलं होतं. ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९५ मध्ये जर्मनीत विन्सेंझ चेर्नी या सर्जनने एका बाईच्या कमरेजवळची चरबीची गाठ काढून तिच्या स्तनातली पोकळी भरली होती. पुढे लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, आलं आणि काढलेली चरबी भरण्याची लाट आली. पण मेलेल्या चरबीच्या गाठी कॅन्सरसारख्या दिसतील या भीतीने १९८७ मध्ये अमेरिकेच्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनात चरबी भरू नका असं सांगितलं. दरम्यान सिडनी कोलमन या सर्जनने चरबी हळुवार काढून, गाळून, थेंबाथेंबाने वेगवेगळ्या थरांत सोडायची पद्धत बसवली, आणि २००९ मध्ये त्याच संघटनेने आपलं मत बदललं.

अडचण उरते ती टिकण्याची. भरलेल्या चरबीपैकी काही भाग शरीर शोषून घेतं. कधी पाव, कधी निम्म्याहून जास्त. आधी सांगता येत नाही. त्यामुळे दोन-तीनदा भूल घ्यावी लागते. आणि संपूर्ण स्तन गेला असेल तर ती चरबी धरून ठेवणारं आत काहीच नसतं. ओल्या मातीचा ढीग बसतो तशी ती बसते. छापील सांगाडा इथे उपयोगी पडतो. तो आकार धरून ठेवतो, वरच्या कातडीचा भार स्वतःवर घेतो आणि चरबीला थोडथोडी करून रुजायला जागा देतो. मला विचाराल तर पुढच्या काही वर्षांत बायकांच्या पदरात पडेल ते हेच. जिवंत छापील ऊती त्याच्या मागून येईल.

शाईत प्राण्यांचं काही असतं का? आमच्याकडे चालत नाही.

एका जैन काकूंनी हे विचारलं तेव्हा सोबतची मुलगी त्यांना गप्प करत होती. गप्प करायचं कारण नाही, प्रश्न रास्त आहे. प्रयोगशाळेत सर्वाधिक वापरलं जाणारं एक जेल जिलेटिनपासून बनतं आणि ते जिलेटिन बहुतेक वेळा डुकराच्या कातडीचं असतं. पेशी वाढवायला वासराच्या रक्तातला द्राव वापरतात. मॅट्रिजेल नावाचं एक जेल तर उंदरातल्या कॅन्सरच्या गाठीतून काढतात. ते प्रयोगापुरतं ठीक, माणसात घालायचं नाही.

पर्याय आहेत. अल्जिनेट समुद्री शेवाळातून येतं. इस्रायलची कोलप्लांट ही कंपनी तंबाखूच्या रोपांत मानवी जनुकं घालून त्यांच्या पानांतून मानवी कोलॅजेन, म्हणजे ऊतीला बांधून ठेवणारं प्रथिन, काढते आणि त्याच्या शाईने स्तनाचे इम्प्लांट छापायच्या कामात आहे. ज्या तंबाखूने इतक्या घरांत कॅन्सर आणला तिच्याच पानांतून हे निघतं आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं. एखाद्या चाचणीत भाग घ्यायची वेळ आली तर शाई कशाची आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

मूळपेशी म्हणजे वाढणाऱ्या पेशी. त्यांनी कॅन्सर परत नाही ना जागा होणार?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. खरं सांगायचं तर हे क्षेत्र सावकाश चालतं आहे त्याचं निम्मं कारण हे आहे, आणि ते योग्यच आहे.

चरबीतल्या मूळपेशी नव्या रक्तवाहिन्या बोलावणारी रसायनं सोडतात. म्हणून तर त्या हव्या असतात. पण कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशीलाही तेच रसायन हवं असतं. काचेच्या बशीत दोन्ही शेजारी ठेवल्या की कॅन्सरच्या पेशींची वाढ जोमाने होते, असे प्रयोग आहेत. दुसरीकडे, स्तन काढल्यावर नुसती चरबी भरलेल्या हजारो स्त्रियांच्या पाठपुराव्यात एकंदरीत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही. हा मोठा दिलासा आहे. मात्र जशीच्या तशी भरलेली चरबी वेगळी आणि प्रयोगशाळेत कोट्यवधींनी वाढवलेल्या मूळपेशी वेगळ्या. पहिलीचा दाखला दुसरीला लावता येत नाही. म्हणून उपचार संपून काही काळ गेलेल्या, तपासण्या स्वच्छ असलेल्या रुग्णांपासूनच अशा चाचण्या सुरू करणं शहाणपणाचं आहे.

मला लाईट दिले आहेत. मला चालेल का?

रेडिएशनला वॉर्डात सगळे लाईटच म्हणतात. रेडिएशनने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, कातडी ताठ होते. वर सांगितल्याप्रमाणे सगळी मदार नव्या रक्तवाहिन्यांवर असल्याने अशा जागी काहीही रुजवणं कठीण. इम्प्लांटलाही तिथे जास्त त्रास होतो. आजच्या घडीला अशा बायकांसाठी सर्जन बहुतेकदा पोटाची किंवा पाठीची ऊती तिच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट आणतात, आणि त्याला कारण आहे.

छापलेल्या स्तनात स्पर्श कळेल का? दूध येईल का? स्तनाग्राचं काय?

दूध येणार नाही. दुधाच्या ग्रंथी नसतात, असते ती फक्त चरबी. स्पर्श वरच्या कातडीत जेवढ्या नसा उरल्या असतील तेवढाच. स्तनाग्र आजही कातडीला मुरड घालून किंवा गोंदवून करतात आणि कुशल गोंदणारा असेल तर ते हुबेहूब दिसतं.

वजन वाढलं-घटलं तर तोही बदलेल का?

जिवंत चरबी असेल तर हो, दुसऱ्या बाजूसारखाच. सिलिकॉनला हे कधी जमायचं नाही. पोटाची ऊती लावलेल्या बायका आजही हे सांगतात: वजन वाढलं की दोन्हीकडे वाढतं, थंडीत हात लावला तर ऊबदार लागतो. उबेचा उल्लेख मी इतक्या जणींकडून ऐकला आहे की आता कुणी विचारलं, चरबीच कशाला, सिलिकॉन आहे ना, तर मी पहिल्यांदा तेच सांगते.

एका क्लिनिकमध्ये ‘स्टेम सेल ब्रेस्ट’ पॅकेज सांगितलं आहे. आगाऊ पैसे भरू का?

भरू नका.

माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेने भरले होते. भविष्य निर्वाह निधीतून काढून. तिला मिळालं ते साधं चरबी भरणं, वर एका चकचकीत कागदावर ‘स्टेम सेल एनरिच्ड’ असा शिक्का. सहा महिन्यांत बहुतेक चरबी विरली. पैसे गेले याचं तिला जेवढं वाटलं त्याहून जास्त, पुन्हा एकदा आपल्या शरीराशी कुणीतरी खोटं वागलं याचं वाटलं. तिच्यासमोर बसून ते ऐकताना मला माझ्याच विषयाची लाज वाटली होती.

म्हणून हे नीट वाचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की रक्ताच्या आजारांसाठीचं मूळपेशी-रोपण असे मोजके मान्य उपचार सोडले, तर मूळपेशींचा माणसांवरचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. मंजूर चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया इथे असते, ती कुणालाही पाहता येते. नैतिकता समितीची परवानगी लागते. संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं, म्हणजे मराठीत मागा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. आणि ज्या उपचाराचा उपयोग अजून सिद्ध व्हायचा आहे त्यासाठी तुमच्याकडूनच लाखांत पैसे मागत असतील, तर तिथून उठा. नोंदणी क्रमांक विचारल्यावर समोरचा माणूस विषय बदलतो का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

पुढे लागेल म्हणून माझी चरबी आत्ताच गोठवून ठेवू का?

नको. गोठवून वितळवताना तयार चरबीच्या पेशी मोठ्या संख्येने फुटतात. आणि मूळपेशी पुढेही तुमच्या पोटात, मांडीत असणारच आहेत. दरवर्षी भाडं भरून त्या दुसऱ्याच्या फ्रीजरमध्ये ठेवायची गरज नाही.

अगदी सडपातळ बायकांना वेगळी काळजी असते, की काढायला चरबी आहेच कुठे. छपाईचं तंत्र जमलं तर त्याचा खरा फायदा त्यांना होईल: दोन चमचे चरबीतून पेशी घेऊन वाढवता येतील.

आपल्याकडे यावर काही काम चालू आहे का?

वर ज्यांचा उल्लेख केला ते फाल्गुनी पाती आता आयआयटी हैदराबादमध्ये शिकवतात. त्यांचा गट, एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आणि हैदराबादचीच सीसीएमबी ही पेशी-संशोधन संस्था यांनी मिळून २०२२ मध्ये माणसाच्या दान केलेल्या डोळ्यांतल्या ऊतीची शाई करून पारपटल (बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) छापलं आणि सशाच्या डोळ्यात बसवलं. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच ते चरबीच्या आधी हाताशी आलं. बंगळूरुच्या पँडोरम टेक्नॉलॉजीजने यकृताच्या ऊतीपासून सुरुवात केली होती. म्हणजे हात आहेत, यंत्रं आहेत, शिकलेली मुलं आहेत.

गरज तर विचारायलाच नको. जगभरच्या कॅन्सरची आकडेवारी देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षं आधीच्या वयात गाठतो. चाळिशीतल्या बाईपुढे अजून अर्धं आयुष्य असतं. तिला पुनर्रचनेबद्दल कुणी साधं विचारतही नाही, ही माझी खरी तक्रार आहे. छपाई यंत्राची वाट बघण्याआधी तो एक प्रश्न प्रत्येक ऑपरेशनपूर्वी विचारला गेला पाहिजे.

मग थांबू की आहे ते करून घेऊ?

छापील चरबीसाठी थांबू नका. आज जे आहे त्यात चांगल्या गोष्टी आहेत. पोटाची कातडी आणि चरबी बारीक रक्तवाहिन्यांसकट उचलून छातीवर जोडण्याचं ऑपरेशन सहा-आठ तासांचं, दमवणारं, पण मिळतं ते जिवंत आणि कायमचं. पाठीचा स्नायू वापरतात. इम्प्लांट लवकर होतं. ह्यूस्टनमध्ये १९६२ साली पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं तेव्हापासून त्यात पुष्कळ सुधारणा झाली. तरी ते जन्मभराचं नसतं, भोवती कडक कवच धरू शकतं, आणि खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा एका दुर्मीळ लिम्फोमाशी (रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरशी) संबंध दिसल्यावर २०१९ मध्ये ती जगभरातून परत मागवावी लागली. तुम्हाला बसवणार असतील तर पृष्ठभाग गुळगुळीत आहे का, हे विचारा आणि कंपनीचं कार्ड जपून ठेवा.

काहीच करायचं नाही, हाही धड निर्णय आहे. माझ्या मावशीने तोच घेतला.

सासरचे म्हणतात, या वयात हे कशाला?

साठीच्या बाईला गुडघा बदलताना कुणी असं म्हणत नाही. दात बसवताना म्हणत नाही. शरीर तुमचं आहे, त्यात रोज तुम्ही राहता. ऑपरेशनचा धोका, भूल, मधुमेह, खर्च ही कारणं खरी असतात आणि डॉक्टरांशी ती मोकळेपणाने बोलावीत. वय हे एकटंच कारण पुरेसं नाही.

तोवर ब्लाउजमध्ये काय घालू? रुमाल सरकतो.

जखम ताजी असेपर्यंत फक्त मऊ कापूस किंवा सुती दोऱ्याने विणलेला, आत कापूस भरलेला हलका गोळा. विणकाम येणाऱ्या कुणालाही तो करता येतो आणि धुता येतो. दीड-दोन महिन्यांनी टाके पूर्ण जिरले, डॉक्टरांनी हो म्हटलं, की वजनाचं काहीतरी हवं; नाहीतर ब्रा त्या बाजूने वर चढते आणि एक खांदा ओढला जातो. सिलिकॉनचे तयार स्तन मिळतात, ते घामाने चिकटू नयेत म्हणून आतून खिसा असलेली ब्रा घ्या.

मावशी मोहरीची पिशवी वापरते. जुन्या मलमलीच्या साडीचं दुहेरी गोल कापड, काठ दुमडून बारीक टाका, आत मोहरी. तट्ट भरायची नाही, हाताने दाबलं तर घसरून आकार घेईल इतकी सैल ठेवायची. दोन्ही पट्ट्यांचा ताण खांद्यावर सारखा लागला की वजन बरोबर झालं असं समजायचं. तिने स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकून पाहिली तर दोनशे ऐंशी ग्रॅम भरली. पावसाळ्यात मोहरीला कोंदट वास येतो, म्हणून दर पंधरवड्याला उसवून ती नवी भरते आणि जुनी मोहरी कुंडीत टाकते.